दारोदार सूर वेचणारा

१९४२च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाला नोकरी लागली. पगार आठवड्याला ३ पौंड. शिवाय कागद, लेखणी आणि एक सायकल. काम काय, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यांत जायचे, कोळ्या-शेतकऱ्यांच्या चुलीपाशी बसायचे, त्यांची गाणी ऐकायची आणि शब्दसुरांसकट कागदावर उतरवून डब्लिनला आणायची. सगळा युरोप युद्धात होरपळत होता. आयर्लंड तटस्थ होता, पण पेट्रोल, चहा, कागद, सगळ्याचीच टंचाई होती. अशा दिवसांत, स्वतंत्र होऊन जेमतेम वीस वर्षे झालेला एक गरीब देश म्हाताऱ्या माणसांची गाणी लिहून घेण्यासाठी पगारी माणूस नेमतो, ही गोष्ट जरा थांबून पाहावी अशी आहे.

तो तरुण म्हणजे शेमस एनिस. पुढच्या पानांत त्याच्या त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्याची हकीकत येईल. इलन पाइप्स या आयरिश वाद्याचा विसाव्या शतकातला थोर वादक, गायकांच्या घरातला माणूस होऊन राहिलेला संग्राहक, आयरिश रेडिओसाठी आणि पुढे बीबीसीसाठी खेडोपाडी फिरलेला ध्वनिमुद्रक, गोष्टीवेल्हाळ निवेदक, आणि अखेरीस नॉल नावाच्या छोट्या गावात चाकांवरच्या घरात राहणारा एकटा गृहस्थ. ही सगळी एकाच माणसाची रूपे आहेत हे लक्षात आले की एक प्रश्न डोक्यातून जात नाही. पारंपरिक वादकाला पैसे कोण देते, आणि कशाबद्दल देते? एनिसच्या बाबतीत उत्तर विलक्षण आहे. त्याच्या नियमित पगाराची बहुतेक सगळी वर्षे ऐकण्याच्या कामात गेली. वाजवण्याबद्दल महिन्याकाठी ठरलेली रक्कम त्याला कधी मिळाली नाही. त्याच्या वादनाची सारी कीर्ती मान्य करूनही असे वाटते, की त्याचे वादन समजून घ्यायचे तर आधी त्याचे ऐकणे समजून घ्यावे लागते.

'केल्टिक संगीत' या नावाविषयी आधीच थोडे बोलायला हवे. आज हे नाव जगभर चालते, पण ते रूढ केले ते बरेचसे ध्वनिमुद्रणाच्या व्यापाराने. भाषेच्या अभ्यासात 'केल्टिक' या शब्दाला नेमका अर्थ आहे. आयरिश, स्कॉटलंडची गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या वायव्य टोकाची ब्रेतॉन या त्या कुळातल्या भाषा. गाण्याच्या बाबतीत मात्र हा शब्द इतका सैल वापरला जातो, की त्यात कुठलीही धुकट, हळवी धून बसते. एनिसला हा शब्द लागू पडतो तो भाषेच्या बाजूने. डब्लिनजवळ वाढलेला हा मुलगा आयरिश शाळेत शिकला आणि पुढे ज्या भागात जाईल तिथल्या बोलीत बोलू लागला. कॉनेमारा, डोनेगॉल आणि मन्स्टर इथल्या आयरिशमध्ये उच्चारांपासून शब्दांपर्यंत फरक पडतो. एनिस ज्याच्या घरी जाई त्याच्याशी त्याच्याच वळणाने बोले. म्हातारे गायक त्याच्यासमोर मोकळे झाले त्याचे पहिले कारण हेच असावे.

त्याच्या घराची कथा एका गहाणवटीच्या दुकानात सुरू होते. १९०८ साली जेम्स एनिस लंडनमध्ये होते. तिथल्या एका पेढीवर त्यांना एक पिशवी दिसली. आत लाकडाचे आणि धातूचे सुटे तुकडे. जेम्सनी ते ओळखले. तो इलन पाइप्सचा जुना संच होता, आणि त्यावर नाव होते डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवरच्या कॉइन या कारागिराचे. कॉइन हे एकोणिसाव्या शतकातल्या नामांकित पाइप-कारागिरांपैकी एक. जेम्स शेतकी खात्यात नोकरी करत आणि पाइप्स उत्तम वाजवत. मीथ परगण्यातल्या निकोलस मार्की यांच्याकडे ते शिकले होते. त्यांनी तो संच दुरुस्त करून वाजता केला. त्यांची पत्नीही पियानो आणि फिडल वाजवणारी. फिंग्लसजवळच्या जेम्सटाउन इथल्या या घरात ५ मे १९१९ रोजी शेमस जन्मला. लहानपणी रात्री निजताना त्याच्या कानांवर पडत ते हे पाइप्स. दारात येणारे पाहुणे म्हणजे बहुतेक वादक. शेमसला पाइप्स शिकवायला कुणी बसले असे नाही; घरात चालले होते ते त्याने उचलले.

या वाद्याची ओळख इथेच करून द्यायला हवी, कारण स्कॉटलंडच्या बॅगपाइपशी त्याची सरसकट गल्लत होते. लग्नाच्या वरातीत किंवा पोलिसांच्या संचलनात आपण जे ऐकतो ते वाद्य उभ्याने, तोंडाने फुंकून, मोकळ्यावर वाजवायचे. इलन पाइप्स बसून, घरात वाजवायचे. तोंडाने फुंकायचे काम नाही. उजव्या कोपराखाली भाता आणि डाव्या कोपराखाली पिशवी. 'इलन' या शब्दाचा संबंध आयरिशमधल्या कोपराशीच जोडतात. पेटीचा भाता पाहिलेल्या मराठी वाचकाला हवा भरण्याचे तत्त्व समजावून सांगायला नको. फक्त इथे हात मोकळे राहिले पाहिजेत म्हणून ते काम कोपराकडे आले. धून वाजते ती चँटर नावाच्या नळीवर, आणि सनईसारखीच तिच्या तोंडाशी बोरूची दुहेरी पत्ती असते. तीन ड्रोन एकच सूर अखंड धरून ठेवतात. शिवाय मांडीवर आडव्या पडलेल्या तीन नळ्या असतात, त्यांना रेग्युलेटर म्हणतात. चँटरवर बोटे चालू असतानाच मनगटाच्या कडेने त्यांच्या चाव्या दाबून वादक सुरांची जोड देतो. चँटरचे तोंड मांडीवरच्या चामड्याच्या तुकड्यावर टेकवले की आवाज क्षणभर बंद होतो. त्यामुळे सूर तोडता येतो, जे मैदानी बॅगपाइपला जमत नाही. दोन हात, दोन कोपरे, मनगट आणि मांडी एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावणारे हे वाद्य. पाइपर व्हायला एकवीस वर्षे लागतात, सात शिकायला, सात सरावाला आणि सात वाजवायला, असे आयरिश वादक सांगत आले आहेत. त्यात पत्त्या दमट हवेने फुगतात, कोरड्या हवेने चिरतात. आयर्लंडच्या पावसात असे वाद्य सांभाळणे हे स्वतंत्र कौशल्य आहे.

शाळा संपली, सरकारी परीक्षा दिली, पण नोकरीइतपत वरचा क्रमांक आला नाही. विशीच्या उंबरठ्यावरच्या या बेकार मुलाला वडिलांचे मित्र कॉलम ओ लॉखलिन यांनी आपल्या छापखान्यात घेतले. डब्लिनचा 'थ्री कँडल्स' हा छापखाना आयरिश भाषेतल्या पुस्तकांसाठी नावाजलेला होता, आणि ओ लॉखलिन स्वतः रस्त्यावरच्या गाण्यांचे संग्राहक; त्यांचा 'आयरिश स्ट्रीट बॅलड्स' हा संग्रह १९३९ साली आला. १९३८ ते १९४२ ही चार वर्षे एनिस तिथे छपाईची कामे शिकला. त्यातले एक काम पुढे सगळ्यांत मोलाचे ठरले. संथ धुनांचे स्वरलेखन तो तिथे शिकला.

हे काम किती अवघड आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आयरिश गायनाची एक जुनी रीत आहे, तिला शान-नोस म्हणतात. शब्दशः अर्थ 'जुनी पद्धत'. साथीला कुठलेही वाद्य नाही. ठोक्यांचे बंधन नाही. गायक शब्दाच्या वजनाप्रमाणे सूर लांबवतो, आखडतो, मध्येच बारीक मुरकी घेतो. दुसऱ्या कडव्यात तीच ओळ वेगळ्या वळणाने जाते. कॉनेमारात कुणी असे गात असताना शेजारी बसलेला माणूस त्याचा हात हातात धरतो आणि गाण्याच्या ओघाबरोबर हळूहळू फिरवत राहतो. असे गाणे पाच रेघांच्या स्वरलिपीत उतरवायचे म्हणजे वाहत्या पाण्याचे माप घेण्यासारखे आहे. ठोके धरून लिहिले तर गाणे मरते, न धरता लिहिले तर वाचणाऱ्याला काही उमगत नाही. एनिसने लिहिलेल्या प्रती आज अभ्यासक आदराने पाहतात, कारण त्याने दोन्ही टोके सांभाळली. छापखान्यातल्या चार वर्षांशिवाय ते शक्य झाले नसते.

१९४२ साली कागदाच्या टंचाईने छापखान्याचे काम आटले. एनिस इंग्लंडला जाऊन सैन्यात भरती होण्याचा विचार करत होता. ओ लॉखलिन यांनी त्याला आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या जेम्स डिलार्गी यांच्याकडे नेले. १९३५ साली स्थापन झालेल्या या आयोगाने कथा, समजुती, म्हणी यांचा प्रचंड साठा जमवला होता. गाण्यांच्या सुरांसाठी मात्र माणसे अगदी मोजकी होती. कथा लिहायला आयरिश आली की भागते, गाण्याला कानही लागतो. एनिसकडे दोन्ही होते. सायकल मिळाली ती अशी.

पाच वर्षे तो फिरला. गॉलवे, मेयो, डोनेगॉल, क्लेअर, केरी, कॉर्क. या काळात त्याने जमवलेल्या गाण्यांची आणि धुनांची संख्या सुमारे २,००० भरते. आयोगाकडे एडिफोन नावाचे मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारे यंत्र होते, पण नळकांडी महाग होती. मजकूर उतरवून झाला की मेण तासून तीच नळकांडी पुन्हा वापरायची, अशी काटकसर आयोगात चाले. म्हणजे कागदावर जे उतरले तेवढेच उरले. आवाज पुसला गेला. म्हणून एनिसच्या कानांवर आणि लेखणीवर केवढा भार होता याची कल्पना यावी. गायकाकडून गाणे पुन:पुन्हा म्हणवून घ्यायचे, शब्द लिहायचे, मग सूर. मुळाशी जुळले की नाही ते पाहायला तो स्वतः ते म्हणून दाखवे.

कार्नाजवळच्या ग्लिन्स्क या समुद्रकाठच्या वस्तीत त्याला कॉलम ओ कीन भेटला. थोडी खडकाळ जमीन, थोडी मासेमारी, आणि डोक्यात गाण्यांचा न आटणारा झरा. या एका माणसाकडून एनिसने २१२ गाणी घेतली. आकड्यापेक्षा ती कशी घेतली ते महत्त्वाचे. एनिस त्याच्या घरी जाऊन राहिला, त्याच्या शेतात राबला, त्याच्याबरोबर बोटीतून गेला. दिवसाचे काम उरकल्यावर, किंवा कामाच्या मधल्या वेळी, गाणे येई. कुठल्याशा गाण्याची एक ओळ कॉलमला आठवत नसे. ती दोन दिवसांनी अचानक आठवे. पाहुणा म्हणून तासभर आलेल्या संशोधकाला ती ओळ कधीच मिळाली नसती. एनिसने या दिवसांची डायरी आयरिशमध्ये लिहिली. वाऱ्यापावसातले सायकलप्रवास, कुणाच्या घरी काय बोलणे झाले, कोण गायले, कोणी नकार दिला, हे सगळे तिच्यात आहे. रीनाख ई ओगान यांनी संपादित केलेली ती डायरी २००७ साली आयरिशमध्ये आणि २००९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. एनिसचे चरित्र वाचू इच्छिणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. त्याच्याविषयीच्या दंतकथा नंतर वाचाव्यात.

आणि देवाणघेवाणीची दुसरी बाजूही होती. संग्राहक घेऊन जातो, मागे काही ठेवत नाही, ही तक्रार जगभरच्या लोकगायकांनी केली आहे. एनिस जाताना स्वतः वाजवून जाई. पाइप्स नसले तर टिन व्हिसल. शिवाय एका परगण्यात ऐकलेले गाणे दुसऱ्या परगण्यात ऐकवी. गाण्याचे एक कडवे डोनेगॉलमध्ये, दुसरे कॉनेमारात, अशी फाटाफूट झालेली असे. या सायकलस्वारामुळे ती कडवी एकमेकांना भेटत. त्याला दारे उघडी होती ती तो आयोगाचा माणूस होता म्हणून नव्हे. तो वाजवणारा होता म्हणून.

याच नोकरीत १९४६-४७च्या हिवाळ्यात त्याला स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर पाठवण्यात आले. तिथली गेलिक ही आयरिशची सख्खी बहीण. कॅना बेटावर जॉन लॉर्न कॅम्बेल आणि मार्गरेट फे शॉ हे दांपत्य गेलिक गाण्यांचा मोठा संग्रह करत होते. त्यांच्यासाठीही एनिसने गाणी स्वरबद्ध केली. 'केल्टिक' या शब्दाला संगीतात काही खरा आधार असेल तर तो अशा जागी आहे: समुद्राच्या दोन काठांवर एकच गाणे दोन जवळच्या भाषांत गाणारी माणसे, आणि दोन्ही समजणारा एक श्रोता.

१९४७च्या ऑगस्टमध्ये एनिस आयरिश रेडिओत गेला. आता सायकलऐवजी ध्वनिमुद्रणाची गाडी मिळाली आणि आवाज तबकडीवर टिकू लागला. त्याच वर्षी आयोगासाठी केव्हिन डॅनहर यांनी जॉनी डोरन या भटक्या पाइपरच्या काही तबकड्या करून ठेवल्या. डोरनची आठवण या प्रस्तावनेत मुद्दाम करावी लागते. घोडा जोडलेल्या कॅराव्हॅनमध्ये कुटुंबकबिल्यासह फिरणारा, जत्रांत आणि शर्यतींच्या मैदानावर उभ्यानेही वाजवणारा हा वादक त्या जुन्या व्यवस्थेचा शेवटचा मोठा प्रतिनिधी होता. जत्रा हाच त्याचा मालक, समोर पडणारी नाणी हाच पगार. १९४८च्या जानेवारीत डब्लिनमध्ये वादळात एक भिंत त्याच्या कॅराव्हॅनवर कोसळली. तो कायमचा जायबंदी झाला आणि १९५० साली गेला. त्या मोजक्या तबकड्या झाल्या नसत्या तर त्याचे वादन आज केवळ ऐकीव राहिले असते. डोरन हा वाजवून जगणारा पाइपर आणि एनिस हा ऐकून जगणारा. एकाच काळात, एकाच शहरात दोघे होते.

१९५१ हे एनिसच्या आयुष्यातले वळण. त्या वर्षी अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्स आयर्लंडला आला. जगभरच्या लोकसंगीताची ध्वनिमुद्रिकांची मालिका काढायचे काम त्याने कोलंबिया कंपनीकडून घेतले होते. आयर्लंडमध्ये कुणाच्या दारी जायचे हे लोमॅक्सला एनिसने दाखवले. कॉर्कमधल्या बॅलिव्हर्नीच्या एलिझाबेथ क्रोनिन, ज्यांना सगळे बेस म्हणत, त्यांच्या घरीही हे लोक गेले. बेस यांच्याकडून एनिसने आधीच गाणी उतरवून घेतली होती. आयर्लंडचा तो खंड १९५५ साली बाहेर आला, आणि खेड्यातल्या स्वयंपाकघरातले आवाज अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत पोचले. अशा मोठ्या प्रकल्पांवर नाव लागते ते बाहेरून येणाऱ्याचे. लोमॅक्सचे काम मोठेच आहे, पण त्याला वाट दाखवणाऱ्याने त्याआधी नऊ वर्षे त्याच वाटा तुडवल्या होत्या, हे नोंदवायलाच हवे.

त्याच वर्षी एनिस बीबीसीत गेला. ब्रिटन आणि आयर्लंडमधली लोकगीते आणि बोली ध्वनिमुद्रित करण्याची एक मोठी योजना बीबीसीने हाती घेतली होती. पीटर केनेडी, बॉब कॉपर, शॉन ओबॉयल असे जाणते लोक तिच्यात होते. एनिस आता टेपरेकॉर्डर घेऊन इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड असा हिंडू लागला. १९५३पासून 'अॅज आय रोव्ह्ड आउट' हा रविवार सकाळचा कार्यक्रम सुरू झाला, तो १९५८पर्यंत चालला. त्याचे शीर्षकगीत आर्मा परगण्यातल्या कीडीच्या सेरा मेकेम यांच्या आवाजात होते. घरकाम करता करता गाणारी एक गृहिणी. शेतमजूर, कोळी, भटके, गृहिणी यांचा आवाज, त्यांच्याच उच्चारांत, कसलाही वाद्यमेळ न जोडता राष्ट्रीय रेडिओवर लागत होता. लोकसंगीत म्हणजे सुशिक्षित गायकाने पियानोच्या साथीवर म्हटलेले सजवलेले गाणे, अशी समजूत तोवर होती. पुढच्या दशकात ब्रिटनमध्ये आणि आयर्लंडमध्ये लोकसंगीताची जी लाट आली, तिच्यातल्या कितीतरी तरुणांनी ही गाणी मुळातल्या गळ्यांतून प्रथम ऐकली ती या कार्यक्रमात.

१९५८ साली बीबीसीने करार पुढे वाढवला नाही. एनिस एकोणचाळीस वर्षांचा होता. १९५२ साली मार्गरेट ग्लिन यांच्याशी त्याचे लग्न झाले होते, दोन मुले झाली होती. तो संसार टिकला नाही. तो आयर्लंडला परतला आणि मग पुन्हा कायमची नोकरी अशी त्याला मिळालीच नाही. कधी रेडिओ, नंतर आलेले दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, कधी मैफली. १९६४ साली अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो वाजवून आला. एरवी मित्रांच्या घरी मुक्काम, गावोगावच्या क्लबांत वादन, दारू, आणि ढासळत जाणारी तब्येत.

या वर्षांविषयी लिहिताना बरेच जण हळवे होतात. कलंदर कलावंताचे तेच ते चित्र रंगवतात. ते टाळावे. एनिसची अडचण स्वभावाची होती त्याहून अधिक व्यवस्थेची होती. ज्या संस्थांनी त्याला पगार दिला त्यांना संग्रह हवा होता. संग्रह झाला, योजना संपल्या. कपाटे भरली. ज्याच्या बोटांत तो सगळा संग्रह जिवंत होता त्या माणसासाठी मात्र कुठल्याच अंदाजपत्रकात रकाना नव्हता.

आणि तरीही वादक म्हणून तो कळसाला पोचला तो याच काळात. त्याची पाइप्सवरची शैली ऐकताना दोन रीती एकत्र नांदताना दिसतात. एक बोटे दाबून, सूर सुटा सुटा टिपणारी. दुसरी मोकळी, सूर एकमेकांत वाहू देणारी. बहुतेक वादक एकीचे असतात. एनिस एका धुनेतच इकडून तिकडे जातो, कारण त्याने दोन्ही घराण्यांचे लोक ऐकलेले. तळाच्या सुरावर बोटांनी झरझर काढलेले कंपन, ज्याला आयरिश वादक क्रॅन म्हणतात, तेही त्याच्याकडे दर वेळी निराळे असते. पाठ केलेली नक्षी तो परत तशीच काढत नाही. संथ धून वाजवताना तर त्याच्या मनात मूळ गाण्याचे शब्द चालू आहेत हे स्पष्ट ऐकू येते. श्वास कुठे घ्यायचा ते शब्द ठरवतात. 'द फॉक्स चेस' ही कोल्ह्याच्या शिकारीची लांबलचक वर्णनपर रचना घ्यावी. शिंगाची हाक, कुत्र्यांची धाव, भुंकणे, आणि शेवटी कोल्ह्यासाठीचा विलाप. एनिसच्या हातात ती केवळ करामत राहत नाही, गोष्ट होते. ध्वनिमुद्रिका थोड्याच निघाल्या: १९५९ साली 'द बॉनी बंच ऑफ रोझेस', १९७०च्या दशकात 'द प्युअर ड्रॉप' आणि 'फॉर्टी इयर्स ऑफ आयरिश पायपिंग'. एवढ्या आयुष्याला हा ऐवज थोडा वाटतो, पण त्याने इतरांचे किती टिपून ठेवले ते पाहिले की हिशेब कळतो.

१९६८ साली बेटीजटाउन इथे पाइपर मंडळी जमली आणि 'ना पीबरी इलन' ही त्यांची संस्था निघाली. एनिस तिथे होता. तेव्हा हे वाद्य वाजवणारे शंभरही उरले नव्हते, असे ही संस्था सांगते. २०१७ साली युनेस्कोने इलन पाइप्सच्या वादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा जगभर हजारो वादक आणि त्यांना वाद्ये पुरवणारे कारागीर होते. हे एकट्या एनिसचे श्रेय नाही. लिओ राउसम यांनी डब्लिनमध्ये आयुष्यभर शिकवले आणि वाद्येही घडवली. क्लेअरमधल्या विली क्लॅन्सीने, जो स्वतः जॉनी डोरनला ऐकून पाइप्सकडे वळला होता, आपल्या गावी तरुणांना गोळा केले. राउसम १९७० साली गेले, क्लॅन्सी १९७३च्या जानेवारीत. त्याच वर्षी जुलैमध्ये मिलटाउन मॅलबे इथे क्लॅन्सीच्या नावाने उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली, आणि तिथे शिकवणाऱ्यांत एनिस होता. तिघांपैकी तोच आता उरला होता.

त्याच्याकडून सर्वांत जास्त घेतले ते लिअम ओफ्लिनने. १९७०च्या दशकाच्या आरंभी जवळपास तीन वर्षे दोघे एका घरात राहिले. लिअम राउसम यांचा शिष्य. बोटे तयार होती. एनिसकडे त्याला मिळाल्या त्या धुनांच्या कथा, त्यांची गावे, त्या कुणाकडून आल्या त्या माणसांची नावे. याच काळात, १९७२ साली, लिअमने ख्रिस्ती मूर, डोनल लनी आणि अँडी अर्वाइन यांच्यासोबत 'प्लँक्स्टी' हा बँड काढला आणि पाइप्स भरगच्च सभागृहांत, गिटार-बुझुकीच्या शेजारी, हजारो तरुणांसमोर आले. एनिसला पारंपरिक वादकाचा पगार जत्रेनंतर कुठून येणार याचे उत्तर सापडले नव्हते. ते या पिढीला सापडले, आणि त्या उत्तराचा एक धागा त्या सामायिक घरातून गेलेला आहे.

१९७५ साली एनिसने नॉलमध्ये एक जमिनीचा तुकडा घेतला. एके काळी ती त्याच्या आजी-आजोबांची जमीन होती. तिथे चाकांवरचे घर उभे केले आणि नाव दिले 'ईस्टर स्नो', त्याच्या आवडत्या एका संथ धुनेचे. पुढे ख्रिस्ती मूरने एनिसवर गाणे केले तेही याच नावाने. म्हणजे आयोगाचा, रेडिओचा, बीबीसीचा पगारी माणूस शेवटी राहायला आला तो जॉनी डोरनसारख्याच घरात. फरक इतकाच, की त्याच्या घराची चाके फिरत नव्हती. लोकच तिथे येत.

१९८२च्या उन्हाळ्यात, कर्करोगाने शरीर पोखरलेले असताना, तो मिलटाउन मॅलबेच्या शाळेत आणि लिस्डूनव्हार्नाच्या महोत्सवात वाजवून आला. ५ ऑक्टोबरला तो गेला. लंडनच्या दुकानातून पिशवीत आलेला तो कॉइनचा संच त्याने लिअम ओफ्लिनसाठी ठेवला होता. मुलगी कॅथरीन ऑर्गनवादक झाली; लंडनच्या सेंट लॉरेन्स ज्युरी चर्चमध्ये तिने अनेक वर्षे वाजवले. आजोबांच्या आणि वडिलांच्या कोपराखालचा भाता तिच्याकडे असा आला. नॉलमध्ये २००१ सालापासून एनिसच्या नावाचे कलाकेंद्र आहे. त्याने लिहिलेली पाने डब्लिनच्या राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहात आहेत, आणि गायक-वादक अजून ती उघडून त्यांतून गाणी उचलतात.

वाचकांना एक विनंती. पुढची प्रकरणे सुरू करण्याआधी एनिसने वाजवलेली 'द गोल्ड रिंग' ही जिग मिळवून ऐकावी. ही धून वाजवण्याआधी तो एक गोष्ट सांगत असे. एका माणसाला परींच्या नाचाच्या जागी एक इवलीशी सोन्याची अंगठी सापडते. जिची ती असते ती शोधत येते. तो अंगठी देऊन टाकतो. बदल्यात काय हवे ते माग, असे म्हटल्यावर तो पैसा मागत नाही, त्या रात्री ऐकलेली धून मागतो. एनिस ही गोष्ट घाई न करता, चुलीपाशी बसल्यासारखी सांगे. गोष्ट संपली की भाता दोनदा-तीनदा हलतो, पिशवी भरते, आधी ड्रोन लागतात, आणि मग चँटर.